पंधरा वर्षांच्या मुलाला उठवण्यावरून रोज सकाळी भांडायचं का?

सांजवात:
आमच्याकडे कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आधी भांडण सुरू व्हायचं. मुलगा नववीत, शाळा सातची. पांघरूण ओढ, पंखा बंद कर, 'किती रे आळशी!' हे रोजचंच. संध्याकाळी तो माझ्याशी धड बोलायचा नाही. वयच असं आहे, म्हणून मी सोडून द्यायचे.

मग कळलं, वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. दहाला आडवं केलं तरी डोळा लागत नाही. आणि या वयाला झोप लागते आठ ते दहा तास! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं, की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये नऊनंतर शाळा भरवायचा आदेश निघाला, तोही चौथीपर्यंतच. ज्यांची झोप खरोखर पुढे सरकते ते नववी-दहावीवाले राहिले तिथेच. 'आळशी' हा शब्द मी घरातून हद्दपार केलाय.

गोदाकाठ:
अजिबात पटलं नाही. मेलाटोनिन फार तर तास-दोन तास सरकत असेल, पोरं एक-एक वाजेपर्यंत जागतात ती मोबाईलपायी. आमच्याकडे दहाला चारही फोन फ्रिजवर जातात, पहिला माझा. मुलगी पंधरा दिवस फुगून होती, आता साडेदहाला गाढ झोपते. आईबापांनी थोडा वाईटपणा घ्यावाच लागतो. सकाळची एसटी तिच्यासाठी थांबणार नाही.

सांजवात:
पहिला तुमचा फोन जातो, म्हणून तिने ऐकलं. आमच्याकडे बाबा अंथरुणात बातम्या बघणार आणि पोराला म्हणणार, फोन ठेव. तो का ऐकेल?

निळाई:
मी स्वतः अकरावीत आहे. क्लास साडेनऊला सुटतो, जेवायला दहा वाजतात, त्यानंतर गृहपाठ. नोट्स आणि सुटलेल्या तासाचे व्हिडिओ त्याच फोनवर येतात. तो फ्रिजवर ठेवून अभ्यास कशावर करू? काका, तुम्ही एकदा तरी विचारलंत का तिला, रात्री जागून काय करतेस?

गोदाकाठ:
नाही विचारलं. क्लासचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज विचारतो. पण रविवारी दहापर्यंत लोळणं मला अजूनही मान्य नाही. घडी मोडली की सोमवारी पुन्हा तीच रड.

सांजवात:
रविवारचं मान्य. आम्ही आठ ठरवलेत, त्यानेच सुचवले. बाकी दप्तर आणि गणवेश रात्रीच काढून ठेवतो, त्यामुळे वीस मिनिटं जास्त झोपायला मिळतात. उठवताना खिडकीचा पडदा सरकवते आणि चहा ठेवायला जाते, हाका मारत नाही. परवा तो चहा घेऊन ओट्यापाशी उभा राहिला आणि गणिताच्या चाचणीत नापास झाल्याचं आपणहून सांगितलं. चाचणी होऊन तीन आठवडे झाले होते.