पेरिटोनियम : ‘पोटाचं अस्तर’ म्हटलं तर चालेल का?

डिचोलीहून
मावशीला गेल्या आठवड्यात बांबोळीला नेलं. (आमच्याकडे ‘बांबोळी’ म्हटलं की मेडिकल कॉलेजच.) सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘पेरिटोनियम’ जाड झालंय, पोटात पाणी आहे, असं आलं. आईला मी ‘पोटाचं अस्तर’ म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे अल्सर होतो ते?” तिला जठर वाटलं. आता ‘दुर्बिणीतून बघणार’ म्हटल्यावर तोंडातून नळी घालणार असंच ती धरून बसलीय. बरा शब्द कुठला?

फोंड्याहून
घोटाळा ‘पोट’ या शब्दाचा आहे. आपण जठरालाही पोट म्हणतो आणि सगळ्या उदरालाही. विश्वकोशात ‘पर्युदर’ आहे: परि + उदर, ‘पर्यावरण’सारखाच संधी. ग्रीक ‘पेरि’ आणि आपला ‘परि’ एकाच कुळातले. लिहायला उत्तम शब्द, पण आईला सांगताना ‘आतड्यांवरचा पातळ पडदा’ म्हणा. अस्तर एकाच बाजूला असतं. हा पडदा पोटाच्या भिंतीला आतून लागून असतो आणि अवयवांवरही पांघरलेला असतो.

म्हापशाहून
‘दुर्बीण’ही दोन प्रकारची, हे आईला जरूर सांगा. तोंडातून जाते ती जठर आतून दाखवते. हा पडदा तिला दिसत नाही. त्यासाठी भूल देऊन बेंबीपाशी छोटं छिद्र पाडतात, पडदा डोळ्यांनी बघतात आणि तुकडा काढतात.

आणि ‘जलोदर’ (पोटात पाणी साठणं) हे निदान समजू नका, ते लक्षण आहे. यकृत खराब झालं, हृदय थकलं, पोटाचा टीबी झाला तरी पाणी होतं. सुईने काढलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, एवढ्यावरून कॅन्सर नाही असं ठरत नाही. सीए-१२५ (कॅन्सरच्या शंकेने रक्तात तपासतात ते प्रथिन) साधारण ३५ च्या आत असावं म्हणतात, पण टीबीतही ते खूप वाढतं, आणि स्कॅनमध्येही टीबी हुबेहूब कॅन्सरसारखाच दिसू शकतो. टीबी औषधांनी बरा होतो, म्हणून तुकड्याची तपासणी टाळू नका.

शब्दाचंच म्हणाल तर ‘पडद्याचा कॅन्सर’ आणि ‘पडद्यावर पसरलेला कॅन्सर’ या दोन गोष्टी आहेत. बहुतेकदा तो अंडाशय, जठर किंवा आतड्यातून आलेला असतो. पडद्यातच सुरू झालेला क्वचित. तुकड्यावर खास रंगद्रव्यं वापरून तो कुठून आला ते शोधतात, आणि उपचार त्यावर ठरतात.

डिचोलीहून
आईला पदराची घडी करून दाखवली, एक पदर भिंतीचा, एक आतड्यांवरचा. लगेच समजलं. बेंबीपाशी छिद्र म्हटल्यावर मात्र घाबरली. मंगळवारी तुकडा काढणार आहेत.