आणखी तेल पाजू नका

एचएमटी जनता हे चावीचं मनगटी घड्याळ साफ करून, तेल घालून जोडलं तर काही तासांत मंदावतं, म्हणून वरून आणखी तेल? अजिबात नको. पुन्हा उघडा. आधी चावी पूर्ण उतरवा: क्लिक (स्प्रिंगचं चाक उलटं फिरू न देणारा खटका) मागे धरून क्राउन, म्हणजे चावी द्यायची गुंडी, बोटांतून हळूहळू सोडा. नाहीतर पॅलेट फोर्क (चाकांना अडवत-सोडत चालवणारा काटा) काढताच चाकं भर्रकन फिरतात नि पिव्हट, म्हणजे आसाचं बारीक टोक, मोडतो.

पॅलेट फोर्कच्या पिव्हटना तेल लावायचंच नाही. तिथला चिकटपणा बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका खातो. फोर्कच्या खड्यांच्या टोकांना मात्र मोबियस ९४१५ या घड्याळाच्या तेलाचा कण हवा. बॅलन्सच्या कॅप ज्वेलवर (आसाच्या टोकावरचा झाकणखडा) मोबियस ९०१० या पातळ तेलाचा थेंब, खड्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. कडेला टेकला की सगळं तेल बाहेर ओढलं जातं. घड्याळ भलतंच पुढे पळत असेल तर हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगची, वेटोळी तेलाने चिकटली असतील.

फोर्क अल्कोहोलमध्ये भिजवला होतात का? खडे लाखेने बसवलेले असतात, लाख विरघळते. नॅफ्था वापरा.

फोर्क बसवण्याआधी चावीचे दोन-तीन दात द्या. चाकं मोकळी फिरून थांबताना एस्केप व्हील (फोर्क ज्याला अडवतो ते दातेरी चाक) किंचित उलटं गेलं पाहिजे. जागच्या जागी थबकलं, तर कचरा बहुधा ज्वेलमध्येच, म्हणजे चाकांचे आस फिरतात त्या खड्यांत, आहे.