मदत हवी आहे: 'द टेम्पेस्ट'मधल्या एरियलवर विश्लेषण कसं लिहायचं?

टीवायबीए, इंग्रजी स्पेशल. शेक्सपिअरच्या या नाटकातल्या एरियल या आत्म्यावर निबंध द्यायचाय. माझा मुद्दा असा, की एरियल त्याच्या मालकाची, म्हणजे जादूगार प्रॉस्पेरोची, जादू राबवतो, पण प्रॉस्पेरोला क्षमेकडे वळवणाराही तोच.

पहिल्या अंकावरचा परिच्छेद जमलाय. एरियल कबूल केलेली सुटका मागतो, तर प्रॉस्पेरो त्याला सिकोरॅक्स या चेटकिणीने पाइनच्या झाडात 12 वर्षं कोंडल्याची आठवण देतो; वर, पुन्हा कुरकुर केलीस तर ओकमध्ये 12 हिवाळे ठोकून ठेवीन म्हणतो. उपकार आणि धमकी एका दमात! लिहायला भरपूर सापडलं.

अडलंय पाचव्या अंकावर. प्रॉस्पेरोने कैद केलेल्या शत्रूंचे हाल सांगून एरियल म्हणतो, मी माणूस असतो तर मला दया आली असती. यावर काहीही लिहिलं तरी कथासारच होतं. मुद्दा-पुरावा-स्पष्टीकरण हा साचा वापरून पाहिला. स्पष्टीकरणात तीच ओळ फिरून येते.

मूळ नाटक नीट वाचलंय. प्रॉस्पेरोचा दुसरा गुलाम कॅलिबन, त्याच्याशी तुलना चालणार नाही, तो वेगळा प्रश्न आहे.

परिच्छेद एरियलच्या ओळीपासून सुरू करू, की प्रॉस्पेरोच्या बदललेल्या निर्णयापासून? आणि अवतरणानंतरचं पहिलं वाक्य नेमकं कशाबद्दल असावं?