मदत हवी आहे: 'निष्कलंक गर्भसंभव' सोप्या मराठीत कसं लिहावं?

ठाण्यात ८ डिसेंबरच्या सणाच्या मराठी मिस्सासाठी (कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी) फलक लिहायचाय. 'निष्कलंक गर्भसंभव' वाचून निम्मे लोक येशूचा गर्भ समजतात. त्यांची तरी काय चूक? त्या दिवशीचं शुभवर्तमान (बायबलमधलं वाचन) लूक १:२६-३८, म्हणजे मरियेच्या पोटी येशू जन्मेल हा गब्रिएल दूताचा निरोप! सण मात्र मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाचा: आई संत ॲनाच्या उदरात ती पहिल्या क्षणापासून आदिपापाविना (आदाम-एवेपासून माणसाला जन्मतःच लागणाऱ्या पापाविना) होती. म्हणून तर बरोब्बर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, तिचा जन्मदिन. (सिद्धांत पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये घोषित केला, तो फलकावर नको.) 'गर्भधारणा' लिहिलं की घोळ वाढतो, गर्भ मरियेनं धारण केला असं वाटतं. फलक दोन बाय तीन फुटांचा, मोठ्या अक्षरांत बाराएक शब्द मावतील. म्हाताऱ्या माणसांनाही लगेच उमगेल अशी ओळ सुचवाल का?