कवल्याचं बी रुजत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) फुलणारा पिवळाधमक, लाल ठिपक्यांचा कवला (स्मिथिया हिर्सुटा, बरेच जण त्याला मिकी माऊस म्हणतात) तुम्ही पाहिला असेल. आमच्या शेताच्या बांधावर तो दर वर्षी यायचा. दोन वर्षांपूर्वी बांध नव्याने घातला, त्यात ती माती गेली. आता एका कोपऱ्यात जेमतेम आठ-दहा झाडं उरलीत. एका हंगामाचं झाड, बी पडलं नाही तर संपलंच. म्हणून बियांपासून वाढवायचं मनावर घेतलंय.

नोव्हेंबरात झाडं वाळल्यावर दोनच झाडांचं बी घेतलं, बाकी तिथेच पडू दिलं. शेंग सापडायलाच वेळ लागला. फूल गळाल्यावर मागे राहिलेल्या हिरव्या दलांच्या आत ती घडी घालून बसलेली असते. वाळली की पेर-पेर सुटी होते, आणि पेरात एकच बी. हे बी कागदी पाकिटात घालून फ्रिजमध्ये जपून ठेवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घेऊन 40 बिया पेरल्या. ट्रे पडवीत, रोज पाणी. आज पाच आठवडे झाले. उगवली तीन, त्यातली दोन बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. काल चार बिया उकरून पाहिल्या तर कुजलेल्या नाहीत, फुगलेल्याही नाहीत, पेरल्या तशाच टणक.

बी कच्चं होतं का? की माझंच काही चुकतंय? कोणी कवला किंवा त्याच्या जवळचं काही लावलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

बी कच्चं नाही. पाच आठवडे ओल्यात राहून टणक आहे, म्हणजे पाणी आत शिरलेलंच नाही. कवला शेंगवर्गातला. या वर्गातल्या पुष्कळ रानझाडांच्या बियांचं कवच पाणी आत घेत नाही. उन्हाळाभर तापलेल्या कातळावर, दिवसा भाजत आणि रात्री निवत, ते हळूहळू सैल पडतं. तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलंत, त्यामुळे बी उत्तम टिकलं, पण त्याचा उन्हाळा हुकला.

उरलेलं बी पॉलिश पेपरच्या दोन घड्यांमध्ये हलक्या हाताने चोळा. चकाकी गेली की थांबा, आतला पांढरा गर दिसता कामा नये. मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा, न फुगलेल्या पुन्हा चोळा. काही जण उकळतं पाणी ओततात, पण इतक्या बारीक बीला मी तो धोका पत्करणार नाही.

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. रोपं आडवी झाली ती मात्र मातीमुळे. कवला वाढतो तो बोटभर जाडीच्या, कसदार नसलेल्या मातीत. पाऊस कितीही पडो, पाणी वाहून जातं. कोकोपीट आणि खताचा ट्रे सतत ओला राहतो, त्यात बुरशी रोपाचा बुंधा धरते. तांबडी माती आणि भरड वाळू घ्या, खत नको, ट्रे पडवीतून उजेडात आणा. त्यात मूठभर माती उरलेल्या झाडांच्या जवळची मिसळा. मुळांवर गाठी करणारे जिवाणू बहुधा त्यातूनच मिळतील.

आणि तो जुना ट्रे फेकू नका. सगळं बी एका पावसात उगवत नाही, ही या झाडांची सोयच आहे. जूनमध्ये सरी येऊन मध्येच ऊन पडलं तर उगवलेलं सगळं मरतं, मागे राहिलेलं बीच वंश राखतं. तुमच्या 33 बिया अजून जिवंत असायची पुष्कळ शक्यता आहे.

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. फ्रिजचं कारण वाचून वाईट वाटलं, पण उलगडाही झाला. पाकिटात अजून साठेक बिया आहेत. आज वीस चोळून भिजवल्या. आणखी वीस बिया फेब्रुवारीपासून बांधावरच्या एका कातळाच्या खोबणीत, मातीच्या पातळ थराखाली ठेवीन, त्यांना उन्हाळा मिळू दे. वीस राखून ठेवते.

आणखी एक शंका. चोळलेल्या बियांची रोपं चार पानांवर आली की बांधावर हलवावीत, की मुळं दुखावतील म्हणून पुढच्या खेपेला थेट बांधावरच पेरावं? उरलेलं एक रोप संध्याकाळी पानं मिटून बसतं. त्याला हात लावायचा धीर होत नाही.