मदत हवी आहे: टायटॅनियमच्या चकत्यांवरची बायोफिल्म, एकाच प्लेटमध्ये ५ लॉग ते ८ लॉग

चकतीबहाद्दर

इम्प्लांटवरच्या कुठल्या लेपावर किती बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा जीवाणूंचा थर) बसते याची तुलना करायची आहे, पण लेप नसलेल्या साध्या चकत्यांवरच आकडे जुळत नाहीत. पद्धत अशी:

टीआय-६एएल-४व्ही मिश्रधातूच्या चकत्या, व्यास १२.७ मिमी, जाडी ३.८ मिमी. डिटर्जंट, ॲसिटोन, इथेनॉल, डिस्टिल्ड वॉटर या क्रमाने प्रत्येकात १० मिनिटं सोनिकेशन (अल्ट्रासाउंडने हादरवणं), मग १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह. २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, चकती तळाशी आडवी. बायोफिल्म करणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस एटीसीसी ३५९८४ (कल्चर-संग्रहातला स्ट्रेन क्रमांक), त्याचं रात्रभर वाढवलेलं कल्चर टीएसबी (पोषक द्रव) + १% ग्लुकोजमध्ये १:१०० पातळ करून दर वेलला १ मिली. ३७ अंश, २४ तास, न हलवता. मग त्याच वेलमध्ये पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) तीनदा धुणं, १ मिली ताजं पीबीएस, अख्खी प्लेट सोनिकेटर बाथमध्ये ५ मिनिटं आणि प्लेटिंग (अगरवर पसरून कॉलन्या मोजणं).

एका प्लेटमधल्या सहा चकत्यांवर ५.१ पासून ७.९ लॉगपर्यंत काहीही येतं (लॉग म्हणजे पेशींच्या संख्येतला १० चा घातांक; ५ लॉग म्हणजे एक लाख). शिवाय बायोफिल्म न करणारा कंट्रोल, एटीसीसी १२२२८, तोही ७ लॉगच्या आसपास. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर मात्र दोघांतला फरक डोळ्यांना दिसतो. चूक वाढवण्यात आहे की मोजण्यात?

अगर-मगर

मोजण्यात. १२२२८ नेच चुगली केली आहे.

चकती तळाशी टेकली तरी खाली फट राहतेच. ती ०.१ मिमी धरा. १२.७ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ १.२७ चौ. सेमी, म्हणजे फटीत साधारण १२ मायक्रोलिटर कल्चर अडकलं. २४ तासांनी कल्चरमध्ये मिलीला ९ लॉग पेशी असतील, तर तेवढ्या थेंबात ७ लॉग झाल्या. तुमच्या कंट्रोलचा आकडा नेमका तोच.

वरून कितीही धुतलंत तरी केशाकर्षणाने धरलेलं हे पाणी बदलत नाही. सोनिकेशनमध्ये मात्र ते बाहेर येतं आणि तुम्ही त्याला बायोफिल्म म्हणता. त्यात चकतीबरोबर वेलचा तळ आणि भिंतीही सोनिकेट होतात. पॉलिस्टायरीनवर ३५९८४ छान चिकटतो, तेही तुमच्या हिशेबात येतं.

उपाय: वेलमध्ये धुऊच नका. निर्जंतुक चिमट्याने चकती कडेने धरा, पीबीएस भरलेल्या तीन नव्या वेलमध्ये एकामागून एक ५-५ सेकंद बुडवा, आणि दर वेळी कड निर्जंतुक फिल्टर पेपरला टेकवून खालचा थेंब निथळू द्या. पृष्ठभागाला पेपर लागता कामा नये.

पिपेटपंत

वरच्याशी सहमत. पण कंट्रोल फुगला का, हे त्यातून कळतं. ५.१ का आला, ते कळत नाही. त्याचं कारण प्लेट सोनिकेट करणं. बाथमध्ये ऊर्जा सगळीकडे सारखी नसते आणि प्लेटच्या तळाखाली हवेचा बुडबुडा अडकला, की त्यावरच्या वेलपर्यंत ती पोचतच नाही.

चकती ५० मिलीच्या कॉनिकल ट्यूबमध्ये १० मिली पीबीएसमध्ये टाका. व्हॉर्टेक्स (मिक्सरवर जोरात घुसळणं) ३० सेकंद, ४० किलोहर्ट्झला ५ मिनिटं सोनिकेशन, पुन्हा व्हॉर्टेक्स ३० सेकंद. बाथमधलं पाणी ट्यूबमधल्या द्रवाच्या पातळीच्या वर असू द्या, ट्यूब दर वेळी त्याच जागी ठेवा, आणि बाथ तापला की पाणी बदला. झाकण घट्ट हवं, सोनिकेशनमध्ये एरोसोल उडतो.

मग दोन तपासण्या कराच. एक, तीच चकती ताज्या पीबीएसमध्ये पुन्हा सोनिकेट करा. दुसऱ्या फेरीत पहिलीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त पेशी निघाल्या, तर पहिली फेरी अपुरी होती. दोन, ६ लॉगचं साधं सस्पेन्शन सोनिकेट करून आणि न करता मोजा. घट दिसली तर तुम्ही पेशी मारताय.

आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. या स्ट्रेनचा पॉलिसॅकराइड फार चिकट असतो. दोनशे पेशींचा गठ्ठा प्लेटवर एकच कॉलनी देतो.

चकतीबहाद्दर

दोघांचेही आभार. चकती उचलताना वरचा थर सोलून निघत नाही का? आणि वेलमध्ये फक्त वरची बाजू मोकळी असते, तर भागायचं १.२७ नेच ना?

अगर-मगर

निघतो. हवा-पाण्याची सीमा ओलांडताना सैल थर जातोच. तो टाळण्यापेक्षा सगळ्या चकत्यांनी ती सीमा सारख्याच वेळा, त्याच कोनात आणि त्याच वेगाने ओलांडणं महत्त्वाचं. एका प्लेटचं धुणं एकाच हाताने व्हावं.

भागायचं १.२७ ने नाही. कडेवर १.५ चौ. सेमी पृष्ठभाग आहे आणि खालची बाजूही भिजतेच. तिन्ही धरून ४ चौ. सेमी होतात. १.२७ ने भागलंत तर अर्धा लॉग फुकटचा वाढतो.

व्होल्टमीटर

विषयाला थोडा फाटा. क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशी आणि मॅट्रिक्सही रंगवतो, म्हणून तो आणि सीएफयू (कॉलन्यांवरून मोजलेल्या जिवंत पेशी) कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. उद्या जीवाणूनाशक लेप आणलात की ही तफावत आणखी वाढेल. शिवाय तो लेप सोनिकेशनच्या द्रवात विरघळत असेल तर न्यूट्रलायझर (लेपाचा परिणाम थांबवणारं द्रव्य) लागेल, नाहीतर ट्यूबमध्येच पेशी मरतील आणि लेप उत्तम ठरेल.

शरीरात धातू कोरा राहत नाही, त्यावर फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं लगेच बसतात. त्यासाठी कार्बोनेट बफरमधल्या २०% मानवी प्लाझ्मात चकत्या ४ अंशांवर रात्रभर ठेवून मग कल्चर घाला. एपिडर्मिडिसला चालतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला वापराल तर सांभाळून, त्याचं कोॲग्युलेज गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या प्लाझ्माचीही गुठळी करतं.

पिपेटपंत

सहा चकत्या एकाच कल्चरमधून आल्या असतील तर तो एकच प्रयोग धरा. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळी कल्चर घ्या. सरासरी लॉगची काढा. कच्च्या आकड्यांची काढलीत तर ७.९ ची चकती बाकी पाचांना गिळून टाकेल.

चकतीबहाद्दर

१० मिलीमध्ये पातळ केल्यावर चांगल्या लेपावरच्या मोजक्या पेशी दिसतील का?

पिपेटपंत

०.१ मिली पसरवलंत तर एक कॉलनी म्हणजे चकतीवर १०० पेशी, तीच तुमची खालची मर्यादा. आणखी खाली जायचं असेल तर उरलेलं ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा आणि पडदाच अगरवर ठेवा.