श्वास मोजायला बसलं की आईचाच श्वास ऐकू येतो

कृष्णाकाठ
नमस्कार. मी साताऱ्याला असते, वय ४३, शाळेत गणित शिकवते. चौदा महिन्यांपूर्वी आई गेली. तिला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार होता. शेवटचे दोन महिने घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि रात्री मी तिच्या शेजारी तिचे श्वास मोजत पडून असायचे. एक, दोन, तीन... पुढचा लांबला की उठून बसायचे.

आता समुपदेशनाला जाते. सहा सेशन झाली. बाई मनापासून ऐकतात. त्यांनी रोज दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायला सांगितलंय. चौथ्या-पाचव्या श्वासालाच मी पुन्हा त्या खोलीत असते. घाम फुटतो, छाती धडधडते. एरवीही पहाटे तीनला जाग येतेच. बाईंना हे सांगायची लाज वाटते, म्हणून "करतेय" म्हणून वेळ मारून नेते. नणंद म्हणते, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये, मन शांत होईल. जावं का?

धुळ्याचा_वारा
ताई, मी २०१८ मध्ये धम्मगिरीला, म्हणजे इगतपुरीच्या त्या विपश्यना केंद्रात जाऊन आलोय. मला फार उपयोग झाला, आजही बसतो. पण तुमचं वाचून आत्ता नको असंच म्हणेन. पहाटे चारला घंटा, दिवसभरात साधारण दहा तास बैठक, पूर्ण मौन आणि पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तुम्हाला दहा मिनिटं जड जातायत तिथे हे तीन दिवस कसे काढाल? घरी फोनही करता येत नाही. पुढे कधी गेलात तर अर्जात तब्येतीबद्दल, मानसिक त्रासाबद्दल विचारतात, ते लपवू नका.

पानगळ
मी एकोणीस वर्षं समुपदेशन करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

कृष्णाकाठ, तुमचं काही चुकत नाहीये. दोन महिने श्वास मोजणं म्हणजे तुमच्यासाठी पहारा होता. शरीराला तेच काम पुन्हा दिलं, तर ते पहाऱ्यालाच उभं राहणार. सजगतेला, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याला, श्वासच लागतो असं नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्यातसुद्धा चालणं आहे, योगासनं आहेत, अंगभर एकेका भागाकडे लक्ष नेणं आहे. तुम्ही डोळे उघडे ठेवा. तळपाय जमिनीला कुठे टेकलेत ते बघा, किंवा बाहेरचे आवाज ऐका. दोन मिनिटं पुरे. धडधड वाढली की थांबायचं, रेटायचं नाही.

आणि बाईंना सांगाच. ही पोस्टच वाचून दाखवा. "जमत नाही" हे कळलं तरच त्यांना उपचार बदलता येतो. आम्ही चेहऱ्यावरून सगळं ओळखत नाही हो. वर्ष उलटूनही दुःख रोजचं जगणं अडवत असेल, तर त्यावर वेगळ्या पद्धतीने काम करता येतं. तेही विचारा. पहाटेच्या धडधडीसाठी एकदा फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कधी जगणंच नको वाटलं, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठ
दोघांचे आभार. काल सेशन झालं. पोस्ट वाचून दाखवताना दुसऱ्या ओळीलाच रडू फुटलं, मग बाईंनीच पुढचं वाचलं. श्वास मोजणं त्यांनी लगेच बंद केलं. आता सकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहते, अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून. फरशी गार असते, एका कोपऱ्यात जरा खडबडीत आहे. तेवढंच बघते. तीनला जाग आज पहाटेही आली, पण उठून पाय जमिनीला लावले आणि साडेतीनला परत झोपले.

इगतपुरीचं नणंदेला "सध्या नाही" असं कळवलंय. आईचं मशीन अजून माळ्यावरच आहे. पुढच्या बुधवारी त्याबद्दल बोलायचं ठरलंय.